पायरी-पायरीने वर आणणारा डॉक्टर

कॅरिबियन समुद्रातल्या लिटल केमन बेटाजवळ ‘ब्लडी बे वॉल’ नावाची पाण्याखालची भिंत आहे. जेमतेम सहा मीटरवर सुरू होऊन ती सरळ काळोखात उतरते. अंगावर स्पंज, प्रवाळ, पंख्यासारखे सी-फॅन, कपारीकपारींत मासे. पाणी इतके नितळ आणि पायाखाली तळच नाही, त्यामुळे स्कूबा डायव्हरला आपण किती खोल आलो याचे भान राहत नाही. तिथून माणूस धडधाकट वर येतो, याचे मोठे श्रेय स्कूबा येण्याआधीच वारलेल्या जॉन स्कॉट हाल्डेन यांना जाते.

जन्म १८६०चा, एडिंबरोचा. वैद्यकीय पदवीही तिथलीच. खाणीतल्या स्फोटात बहुतेक कामगार भाजून नव्हे, कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हे त्यांनी दाखवून दिले. तो वायू स्वतः हुंगून ते स्वतःचे रक्त तपासत! खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची सूचनाही त्यांचीच.

मग ब्रिटिश नौदलाने पाणबुड्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत विरघळतो. झटकन वर आले की सोड्याची बाटली उघडावी तसे बुडबुडे सुटतात. सांधे ठणकतात, पाय लुळे पडतात, प्रसंगी जीव जातो. हाल्डेननी दाबाच्या टाकीत बोकड-शेळ्या ठेवल्या. काही लंगडल्या, काही मेल्या. आज असे प्रयोग सहजासहजी मंजूर होणार नाहीत. निष्कर्ष मात्र टिकला. दाब निम्म्यावर आणला तर सहसा बाधत नाही. त्यापुढे थांबत थांबत वर यायचे. रक्त भरपूर मिळणाऱ्या पेशी वायू लवकर सोडतात, चरबी रेंगाळते, हा हिशेबही त्यात होता. १९०८मध्ये त्यांचे तक्ते प्रसिद्ध झाले.

स्कॉटलंडमधल्या चाचण्यांच्या वेळी त्यांनी तेरा वर्षांच्या मुलालाही पाण्यात उतरवले. पोशाख मापाचा नव्हता, आत पाणी शिरले, पोरगा वाचला. (बाप म्हणून हे मला पटत नाही.) हाच मुलगा म्हणजे पुढे भारताचे नागरिक झालेले जे. बी. एस. हाल्डेन.

तक्त्यांतले आकडे पुढे बदलले, आता ते काम मनगटावरचा संगणक करतो. तरी वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचा रिवाज त्याच विचारातला. डुबकीनंतर सांधा दुखला, हातपाय बधिर झाले, तर मलम चोळत बसू नका. ऑक्सिजन आणि दाबकक्षाची सोय असलेले रुग्णालय गाठा.

हाल्डेन १९३६मध्ये ऑक्सफर्डला वारले. त्याच्या थोडेच आधी, पंचाहत्तरीत, ते इराण-इराकमध्ये तेल कामगारांच्या उष्माघाताचा अभ्यास करून परतले होते.