शब्द विसरले, गाणं थांबलं नाही

मुलांनो, स्टेजवर उभं राहिल्यावर पाठ केलेलं सगळं एकदम विसरलात, असं तुमचं कधी झालंय का? एला फिट्झजेराल्ड या मोठ्या जॅझ गायिकेचंही तसंच झालं होतं.

एलाचा जन्म १९१७ साली अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यात झाला. लहानपणीच ती न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स शहरात राहायला आली. तिला नाचायला फार आवडायचं. पण ती पंधरा वर्षांची असताना तिची आई वारली. पुढचे दिवस खूप हालात गेले. काही काळ तर राहायला घरही नव्हतं.

२१ नोव्हेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये नवीन कलाकारांची स्पर्धा होती. एला नाचायचं ठरवून गेली. पण तिथे दोन बहिणींचा सुंदर नाच पाहून तिचा धीरच सुटला. आता काय करायचं? ऐन वेळी ती नाचायच्या ऐवजी गायली, आणि पहिलं बक्षीस तिलाच मिळालं!

पुढच्याच वर्षी ती ड्रमवादक चिक वेब यांच्या बँडमध्ये गाऊ लागली. हळूहळू ती ‘स्कॅट’मध्ये तरबेज झाली. स्कॅट म्हणजे शब्दांऐवजी अर्थ नसलेले बोल घेऊन, सुचेल तसं गाणं. आपल्या तराण्यातही असे बोल असतात ना!

त्या काळी अमेरिकेत काळ्या लोकांना खूप भेदभाव सोसावा लागे. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियाला जाताना, तिकीट असूनही एलाला होनोलुलूहून पुढे विमानात बसू दिलं नाही. ती गप्प बसली नाही. तिनं कंपनीवर कोर्टात केस केली.

१९६० मध्ये बर्लिनला हजारो लोकांसमोर ‘मॅक द नाइफ’ हे गाणं गाताना ती पुढचे शब्दच विसरली. पण ती थांबली नाही. आपण शब्द विसरलोय, हेच तिनं चालीत गाऊन सांगितलं! मग मनाचे शब्द जोडत आणि लुई आर्मस्ट्राँगची नक्कल करत तिनं गाणं पूर्ण केलं. त्याच गाण्यासाठी तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

१५ जून १९९६ रोजी एला वारली. बर्लिनचं ते रेकॉर्डिंग आजही ऐकता येतं. ती शब्द कुठे विसरते, ते ओळखा बरं! आणि आजीशी फोनवर बोलताना एखादा मराठी शब्द अडला, तर फोन आईकडे देऊ नका. जमेल तसं बोलत राहा.

शब्दार्थ
धीर सुटणे – हिंमत जाणे
ऐन वेळी – अगदी शेवटच्या क्षणी
तरबेज – खूप कुशल

प्रश्न
१. एला स्पर्धेत का नाचली नाही?
२. बर्लिनमध्ये शब्द विसरल्यावर तिनं काय केलं?