हेन्री फोर्ड : बरोबर ठरलेला माणूस

परीक्षेत असेंब्ली लाइनवर प्रश्न आला की आपण सगळे डोळे मिटून एकच उत्तर लिहितो. हेन्री फोर्ड, १९१३, हायलँड पार्क. मीही लिहिलं, मार्क घेतले आणि विसरलो. फोर्ड पुन्हा भेटला तो फायनल इयरला, आणि तेव्हा कारण फारसं अभिमानाचं नव्हतं.

स्पर्धेसाठी बनवलेल्या आमच्या गाडीचं ट्रान्समिशन माझ्याकडे होतं. सेकंड इयरच्या दोन पोरांनी कॅल्क्युलेशन करून दोन पानं आणून दिली. चेन ड्राइव्हमध्ये कुठे गडबड होईल ते त्यात होतं म्हणे. म्हणे, कारण मी ती वाचलीच नाहीत. आदल्या वर्षी तेच डिझाइन मी केलं होतं आणि गाडी शेवटपर्यंत धावली होती, मग वाचायचं कशाला? पानं गादीखाली गेली. यंदा तिसऱ्या लॅपला चेन उतरली. परत आल्यावर तोंड लपवायला लायब्ररीइतकी चांगली जागा नाही. तिथेच फोर्डचं चरित्र हाती लागलं.

मिशिगनमधल्या डिअरबॉर्नजवळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. जन्म ३० जुलै १८६३. शेतात मन रमेना, घड्याळं मात्र खोलून पुन्हा जोडायचा. पुढे डेट्रॉइटला एडिसनच्या वीज कंपनीत इंजिनिअर झाला. दिवसा नोकरी आणि रात्री घरामागच्या शेडमध्ये उद्योग. १८९६ मध्ये पहिली गाडी तयार झाली तेव्हा लक्षात आलं, की ती शेडच्या दारातून बाहेरच निघत नाही! पठ्ठ्याने कुऱ्हाड घेऊन भिंत फोडली. (आपल्या वर्कशॉपच्या शटरसमोर हा प्रसंग कोणाला आठवेल ते सांगायला नको.)

पहिली कंपनी १८९९ ची, ती बुडाली. दुसरीत भांडवलदारांशी पटेना म्हणून १९०२ मध्ये तो बाहेर पडला. त्याच कंपनीची पुढे कॅडिलॅक झाली. १९०३ ची फोर्ड मोटर कंपनी म्हणजे तिसरा प्रयत्न. इथेही तोच वाद. कोळशाचा व्यापारी अलेक्झांडर माल्कमसन हा मोठा भागीदार. त्याला श्रीमंतांसाठी मोठ्या, महागड्या गाड्या हव्या होत्या, कारण नफा त्यातच आहे असं तेव्हा बहुतेकांचं मत होतं. फोर्डला हवी होती शेतकऱ्याला परवडेल अशी साधी, दणकट गाडी. फोर्ड हटला नाही. १९०६ मध्ये माल्कमसनच आपले शेअर विकून गेला.

१९०८ ला मॉडेल टी आलं. व्हॅनेडियम स्टील वापरल्यामुळे वजनाला हलकं आणि खड्ड्यांना पुरून उरणारं. किंमत साधारण साडेआठशे डॉलर. मग १९१३ ला फिरती असेंब्ली लाइन आली आणि चॅसी जोडायला लागणारे साडेबारा तास दीड तासावर आले. १९१४ ला दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली तेव्हा इतर कारखानदारांनी त्याला वेड्यात काढलं. तिथेही तोच बरोबर ठरला. किंमत उतरत उतरत तीनशे डॉलरच्या खाली आली. एकूण दीड कोटी गाड्या निघाल्या.

आता मला खटकलेली गोष्ट सांगतो. फोर्डच्या डोक्यात या सगळ्याचा हिशोब कसा बसला असेल? शहाणी माणसं विरोध करतात, मी ऐकत नाही, मी जिंकतो. एकदा नाही, तीन-चारदा. १९१२ मध्ये तो युरोपला गेला असताना त्याच्या माणसांनी मॉडेल टीची सुधारलेली गाडी बनवून ठेवली. परत आल्यावर फोर्डने तिच्याभोवती चक्कर मारली आणि हातांनी तिचं दार उचकटून काढलं, काच फोडली, असं सांगतात. बघणारे गप्प. १९१९ मध्ये त्याने सुमारे साडेदहा कोटी डॉलर मोजून बाकीच्या भागधारकांना बाहेर काढलं. आता नाही म्हणणारं कोणी उरलंच नाही. मुलगा एडसेल अध्यक्ष होता, पण नावापुरता. विल्यम नुडसनसारखा उत्पादनातला वाघ १९२१ मध्ये कंपनी सोडून गेला आणि लवकरच जनरल मोटर्सच्या शेवरलेला जाऊन मिळाला.

तोवर रस्ते सुधारले होते. लोकांना बंद टपाची गाडी हवी होती, रंग हवे होते, हप्त्याने पैसे द्यायची सोय हवी होती. आल्फ्रेड स्लोनच्या जनरल मोटर्सने हे सगळं दिलं. मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळत होतं. ज्याला सगळ्यात स्वस्त गाडी हवी तो आता सेकंडहँड घ्यायचा. विक्रीचे आकडे समोर होते, पण फोर्डने त्यातून काढलेला अर्थ असा, की डीलर आळशी झालेत. औषध जुनंच, किंमत कमी करा. त्याच्या दृष्टीने ते चूक नव्हतं, दहा वर्षं त्याच औषधाने गुण आला होता.

जानेवारी १९२६ मध्ये अर्नेस्ट कँझलर या अधिकाऱ्याने फोर्डला एक निवेदन दिलं. हा एडसेलचा साडूच. भाषा अगदी नम्र, मालकाचं कौतुक भरपूर, पण मुद्दा सरळ होता. लोक आपल्याला सोडून चाललेत, नवी गाडी हवी. काही महिन्यांत कँझलरची नोकरी गेली. मला वाटतं फोर्डला आकडे कळत नव्हते असं नाही. त्या पानांत त्याला पुन्हा माल्कमसन दिसला असणार. आणि मॉडेल टीवर टीका म्हणजे शेतातून आलेल्या त्या पोरावरच टीका.

शेवटी २६ मे १९२७ ला मॉडेल टी बंद झालं, तेही पुढच्या गाडीचं डिझाइन पुरतं तयार नसताना. कारखाने कित्येक महिने थंड, हजारो कामगार घरी. शेवरले पुढे निघून गेली. डिसेंबरमध्ये मॉडेल ए आलं, चांगलं होतं, चाळीस लाखांहून जास्त निघालं. म्हणजे इंजिनिअरिंग कधीच कच्चं नव्हतं.

पण खोड गेली नाही. प्लिमथसारख्या स्वस्त गाडीला १९२८ पासून हायड्रॉलिक ब्रेक होते. एडसेल मागे लागला होता, पण म्हाताऱ्याचा विश्वास लोखंडी दांड्यांवर. फोर्डला हे ब्रेक मिळाले १९३९ च्या मॉडेलला. एडसेलला गाडीच्या देखणेपणाची जाण होती, लिंकन कॉन्टिनेंटल त्याच्याच कल्पनेतून आली. बाप मात्र त्याला चारचौघांत तोडून बोलायचा. २६ मे १९४३ ला, म्हणजे मॉडेल टी बंद झाल्याच्याच तारखेला, एडसेल कॅन्सरने गेला. वय ४९.

ऐंशीला टेकलेला बाप पुन्हा अध्यक्ष झाला. कंपनी महिन्याला लाखो डॉलर गमावत होती. बिलांचा अंदाज गठ्ठा वजन करून बांधत असत, असंही सांगतात. अखेर बायको क्लारा आणि एडसेलची विधवा दोघी हट्टाला पेटल्या, तेव्हा सप्टेंबर १९४५ मध्ये कारभार नातवाकडे गेला.

७ एप्रिल १९४७ च्या रात्री फोर्ड वारला. नदीला पूर आल्यामुळे घरची वीज गेली होती. एकेकाळी वीज कंपनीत नोकरी केलेला हा माणूस मेणबत्तीच्या उजेडात गेला.

पुस्तक परत केलं त्या रात्री मी गादी उचलली. पानं चुरगळली होती, अक्षर मात्र वाचता येत होतं. स्प्रॉकेटचं अलाइनमेंट दुसऱ्याच ओळीत होतं. सकाळी मेसमध्ये ते दोघं पोहे खात होते. ताट घेऊन त्यांच्या टेबलावर जाऊन बसलो.