नगराचा वैद्य : सर पॅट्रिक गेडिस

गेल्या वर्षी मोजणीदारांनी आमच्या घराच्या भिंतीवर लाल रंगाने एक आकडा लिहिला. रस्ता रुंद होणार, एवढेच आम्हांला कळले. उंबऱ्याच्या आत मात्र कोणी डोकावले नाही. त्याच सुमारास सर पॅट्रिक गेडिस यांचे चरित्र मी वाचले आणि शहर आधी डोळ्यांनी पाहावे, मग आखावे, असे जन्मभर सांगणारा हा माणूस मला आपला वाटला.

गेडिस यांचा जन्म १८५४ साली स्कॉटलंडमध्ये झाला. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. स्वतः पदवी न घेताही १८८८ पासून तीस वर्षे ते डंडी येथे प्राध्यापक होते. लग्नानंतर ते पत्नी ॲना यांच्यासह एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत मुद्दाम राहायला गेले. तेथे त्यांनी पडकी घरे दुरुस्त केली आणि मोकळ्या जागांत बागा फुलविल्या.

झाडाचा विचार माती-पाण्यावाचून होत नाही. तसाच शहराचा विचार त्याच्या खोऱ्यावाचून होत नाही, हे त्यांचे सूत्र. डोंगरावरचा लाकूडतोड्या, उतारावरचा मेंढपाळ, सखल भागातील शेतकरी आणि किनाऱ्यावरचा कोळी यांच्या कष्टांवर शहर उभे असते. शहरे वाढत जाऊन एकमेकांत मिसळतात, हे त्यांनी १९१५ सालच्या ग्रंथात मांडले.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. जुनी वस्ती सरसकट पाडण्यास त्यांचा विरोध असे. कुशल वैद्याप्रमाणे सडलेला भाग तेवढाच काढावा आणि विहिरी, तळी, झाडे राखावीत, असे ते म्हणत. १९१७ साली मुलगा महायुद्धात पडला. त्याच वर्षी येथेच पत्नीही गेली. तरीही काम थांबले नाही. प्लेगने गांजलेल्या इंदूरमध्ये त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरविली. ज्या गल्ल्या अधिक स्वच्छ, त्यांतूनच ती जाणार! लोकांनी आपण होऊन घरे झाडली. १९१८ साली त्यांनी इंदूरचा अहवाल सादर केला. पुढे १९१९ ते १९२४ ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, डॉ. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. १९३२ साली फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

भिंतीवरचा आकडा अजून आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी वस्तीचा नकाशा स्वतः काढला. त्यात ओढा आहे, विहीर आहे, पिंपळाचा पार आहे आणि प्रत्येक घरात किती माणसे राहतात तेही लिहिले आहे. मोजणीदार पुन्हा आले, की तो मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे.