इब्ने हैसम : दृष्टीचा मार्ग शोधणारे विद्वान

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम यांचा जन्म हिजरी ३५४ च्या, म्हणजे इ. स. ९६५ च्या सुमारास बसरा शहरी झाला. यूक्लिडची भूमिती, टॉलेमीचे खगोलशास्त्र आणि गॅलनचे वैद्यक तोवर अरबीत उतरले होते. इब्ने हैसम यांनी हे सारे ज्ञान आत्मसात केले. परंतु मोठ्या नावापुढे मान तुकवून थांबणे त्यांना मान्य नव्हते. सत्याचा शोध हाच अल्लाहच्या सान्निध्याचा मार्ग, अशी त्यांची धारणा होती.

चरित्रकार अल-किफ्ती यांनी त्यांच्या आयुष्यातील एक मोठा प्रसंग नोंदविला आहे. नाईलचे पाणी नियंत्रित करता येईल, असे त्यांनी म्हटल्याचे कानी येताच इजिप्तचा फातिमी खलिफा अल-हाकिम याने त्यांना बोलावून घेतले. अस्वानजवळ प्रत्यक्ष पाहणी करताना वाटेत प्राचीन इजिप्शियनांची भव्य बांधकामे दिसली. हे काम शक्य असते तर अशा कुशल लोकांनी ते केव्हाच केले असते, हे त्यांनी ओळखले आणि कैरोला परतून तसे कबूल केले. पुढे लहरी खलिफाच्या भीतीने त्यांनी वेडाचे सोंग घेतले व ते नजरकैदेत राहिले. १०२१ मध्ये अल-हाकिमची सत्ता संपल्यावर त्यांची सुटका झाली. त्यानंतर अल-अझहरजवळ राहून, ग्रंथांच्या नकला करून ते उदरनिर्वाह करीत.

याच काळाच्या आसपास त्यांचा सात भागांचा ‘किताबुल मनाझिर’ हा ग्रंथ सिद्ध झाला. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, असे यूक्लिड व टॉलेमी मानीत. इब्ने हैसम यांनी साधा अनुभव पुढे ठेवला : प्रखर सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो. अर्थात प्रकाशच बाहेरून आत येतो. अंधाऱ्या खोलीबाहेर अनेक दिवे ठेवून, एका छिद्रातून येणारा त्यांचा प्रकाश त्यांनी तपासला. एक दिवा झाकला की भिंतीवरचा केवळ त्याचाच ठिपका नाहीसा होई.

परंतु प्रकाश डोळ्यात शिरला म्हणजे पाहणे पूर्ण झाले, असे त्यांनी मानले नाही. दोन्ही डोळ्यांतून निघालेल्या नसा मागे एकत्र येतात, तेथे दोन प्रतिमांची एक होते आणि ती मेंदूच्या पुढील भागाकडे जाते, असा मार्ग त्यांनी मांडला. शिवाय ओळखणे हे बुद्धीचे व स्मृतीचे कार्य आहे, हे त्यांनी दाखविले. साक्षर मनुष्य परिचित शब्द अक्षरे न लावता एका दृष्टिक्षेपात ओळखतो, तो पूर्वीच्या परिचयामुळेच.

या मांडणीत उणिवाही होत्या. प्रतिमा भिंगावर ग्रहण होते, असे ते समजत. ती मागील पडद्यावर उलटी उमटते, हे केप्लरने १६०४ मध्ये दाखविले. आज आपण जाणतो की त्या पडद्यातील पेशी प्रकाशाचे विद्युतसंदेशांत रूपांतर करतात. प्रत्येक डोळ्याच्या नसेतील सुमारे दहा लाख तंतू ते संदेश वाहून नेतात. नसा एकत्र येतात तेथे सुमारे निम्मे तंतू बाजू बदलतात, आणि मेंदूच्या मागील भागात या संदेशांचा अर्थ लागू लागतो. मात्र डोळा, नस आणि मेंदू मिळून दृष्टी घडते, ही मूळ दिशा कायम राहिली.

याचे महत्त्व घरातील वडीलधाऱ्यांच्या बाबतीत कळते. पुण्यातील नेत्ररुग्णालयांत डोळ्यांत थेंब घालून डॉक्टर बाहुलीतून पाहतात, ते या नसेचे मुख. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते व शस्त्रक्रियेने ते बदलता येते. काचबिंदूत मात्र डोळा वरून स्वच्छ दिसतो आणि नस हळूहळू निकामी होते. गेलेली दृष्टी मग परत मिळत नाही. म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः कुटुंबात कोणाला काचबिंदू असल्यास, त्रास नसतानाही तपासणी करून घ्यावी.

इब्ने हैसम यांचे निधन १०४० च्या सुमारास कैरोत झाले. त्यांचा ग्रंथ लॅटिनमध्ये जाऊन १५७२ मध्ये बासल येथे छापला गेला. त्यांनी टॉलेमीच्या चुका दाखविल्या, केप्लरने त्यांच्या मांडणीतील उणीव भरून काढली. ज्ञानाचा हा अमानत म्हणून आलेला वारसा केवळ अभिमानाने सांगण्याचा नाही. कान, डोळे आणि अंतःकरण यांविषयी विचारणा होणार असल्याची जाणीव कुरआन देतो. तेव्हा जे दिसले ते पडताळून मगच खरे मानणे, हे आपलेही कर्तव्य ठरते.