पाणथळीतले डॉक्टर इमर्सन

लंडनहून ट्रेनने साधारण दोन तासांत नॉर्विच येतं. त्याच्या पुढे नॉर्फोक ब्रॉड्सचा पाणथळ मुलूख लागतो. उथळ तळी, बोरूची बनं आणि काठाला बोडके विलो. हे विलो डोक्याएवढ्या उंचीवर छाटतात, म्हणजे नवे धुमारे गुरांच्या तोंडी लागत नाहीत. कोकणात राबासाठी ऐन तोडतात ना, साधारण तसंच!

हा मुलूख कॅमेऱ्यात आणला पीटर हेन्री इमर्सन यांनी. जन्म १८५६, क्यूबातल्या उसाच्या मळ्यावर. वडील अमेरिकन, आई इंग्लिश. वडील गेल्यावर १८६९ मध्ये ते इंग्लंडला आले आणि पुढे केंब्रिजला डॉक्टर झाले. कॅमेरा घेतला तो पक्षी बघायला जाताना सोबत असावा म्हणून. १८८६ मध्ये डॉक्टरकी सोडली. (आपल्याकडे घरचे काय म्हणाले असते, कल्पना करा!) त्याच सुमारास चित्रकार गुडॉल यांच्याबरोबर त्यांनी ब्रॉड्सवर पुस्तक काढलं, त्यात ४० प्लॅटिनम प्रिंट. नावेतून कमळं काढणारं जोडपं, दलदलीतलं गवत वाहणारी माणसं. सगळं जागेवर जाऊन टिपलेलं.

त्या काळी हेन्री पीच रॉबिन्सन यांच्यासारखे नावाजलेले लोक चार-पाच निगेटिव्ह जोडून एक फोटो बनवत. फोटोशॉपचे लेयर्सच म्हणा. इमर्सनना याची चीड होती. निसर्ग डोळ्याला दिसतो तसाच दाखवा, रिटचिंग नको, आणि असा फोटो ही कलाच आहे, हे त्यांनी १८८९ च्या पुस्तकात ठासून मांडलं. भांडखोर माणूस, पण पारखी. १८८७ च्या एका स्पर्धेत तरुण स्टीग्लिट्झना पहिलं बक्षीस दिलं ते यांनीच.

आणि १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. डेव्हलप करताना छटांचं प्रमाण हवं तसं बदलता येत नाही, असं त्यातून दिसत होतं. मग कलाकाराच्या हातात उरलं काय? इमर्सननी काळ्या चौकटीची पुस्तिका छापून स्वतःचाच सिद्धांत मागे घेतला. विरोधकांना केवढा आनंद झाला असेल! मला मात्र त्यांच्या सगळ्या भांडणांपेक्षा ही पुस्तिका मोठी वाटते.

पण कॅमेरा काही सुटला नाही. १८९०-९१ मध्ये त्यांनी ब्रॉड्सवर नावेतच मुक्काम केला. १८९५ च्या शेवटच्या फोटोपुस्तकात माणसं जवळजवळ नाहीतच. धुकं, बर्फ, निष्पर्ण झाडं. कला नव्हे म्हणणाऱ्याचे हे फोटो मला सर्वांत आवडतात. १९३६ मध्ये कॉर्नवॉलमधल्या फाल्मथला ते वारले.

ही तळी म्हणजे मध्ययुगात पीट खणून पडलेले खड्डे, हे १९५० च्या दशकात सिद्ध झालं. इमर्सन त्यांना निसर्गच समजून फोटो काढत होते.