सर रोनाल्ड रॉस

१८८३ साली बंगळूरच्या लष्करी छावणीत रोनाल्ड रॉस नावाचे एक तरुण डॉक्टर राहावयास आले. बंगला चांगला होता, परंतु डासांनी त्यांना अगदी भंडावून सोडले. आपल्याच खोलीत एवढे डास का, हे शोधावे म्हणून ते खिडकीबाहेर डोकावले. तेथे पाण्याचे एक पिंप होते व त्यात असंख्य बारीक अळ्या वळवळत होत्या. रॉस यांनी पिंप ओतून टाकले. थोड्याच दिवसांत खोलीतील डास पुष्कळ कमी झाले. हर्षभराने त्यांनी ही गोष्ट छावणीतील एका अधिकाऱ्याला सांगितली व भोजनगृहाजवळची भांडीही रिकामी करण्याची परवानगी मागितली. अधिकाऱ्याने साफ नकार दिला. देवाने निर्माण केलेल्या जीवांचा त्रास माणसाने सोसलाच पाहिजे, असे त्याचे मत होते!

त्या अधिकाऱ्यास नावे ठेवण्यात अर्थ नाही. हिवताप दलदलीवरील दूषित हवेने होतो, अशीच समजूत तेव्हा सर्वत्र होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे. डास केवळ त्रास देतो, एवढेच रॉस यांनाही ठाऊक होते.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी हिमालयातील अलमोडा येथे झाला. वडील सैन्यात सेनाधिकारी होते. मुलाचा ओढा काव्य, चित्रकला आणि गणित यांकडे; पण वडिलांच्या आग्रहास्तव तो लंडनला वैद्यक शिकला व १८८१ साली हिंदुस्थानात नोकरीवर आला. पुढे १८९४ साली लंडनमध्ये डॉ. पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना हिवतापाच्या रोग्याच्या रक्तातील जंतू दाखविले. हे जंतू डासाच्या पोटी वाढत असावेत, असा मॅन्सन यांचा तर्क होता. तो सिद्ध करण्याचा ध्यास रॉस यांनी घेतला.

ते निजामाच्या राज्यातील सिकंदराबादेस आले. आजचा मराठवाडाही त्या काळी याच राज्यात होता. दोन वर्षे त्यांनी डासांमागून डास चिरले. उकाडा असह्य होई. परंतु पंखा चालविला तर चिरलेले डास उडून जात, म्हणून तो बंदच ठेवावा लागे. घामाने सूक्ष्मदर्शक यंत्राचे स्क्रू गंजले, काचेला तडा गेला. आणि एवढे करून डासांची जातच चुकीची निघाली! अखेर १८९७ च्या ऑगस्टमध्ये ठिपकेदार पंखांचे काही डास मिळाले. हुसेन खान नावाच्या रोग्यास दर डासामागे एक आणा देऊन ते चावविले. त्यांपैकी शेवटचे दोन डास उरले असता, २० ऑगस्ट रोजी एकाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाचे जंतू दिसले.

लागलीच त्यांची बदली झाली. आधी मुंबई, मग राजपुतान्यातील खेरवाडा. तेथे हिवताप जवळजवळ नव्हताच! पुढील वर्षी कलकत्त्यास त्यांनी पक्ष्यांवर प्रयोग केले आणि जंतू डासाच्या लाळेतून दुसऱ्या पक्ष्याच्या शरीरात जातात, हे दाखविले. मनुष्याबाबतचा पुरावा त्याच सुमारास इटलीतील ग्रासी आदी शास्त्रज्ञांनी दिला. श्रेय कोणाचे, यावरून रॉस व ग्रासी यांचा कडवट वाद झाला. रॉस यांचा स्वभाव तापट होता. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले.

आता ते पुन्हा त्या पिंपाकडे वळले. उष्ण हवेत अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात. तेव्हा साठलेले पाणी दर आठवड्यास ओतून दिले, तर अळ्या मरतातच. यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबसारख्या गावी रांजण व हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे ठेवण्याचा जो ‘कोरडा दिवस’ पाळावयास सांगतात, तो याच हिशेबाचा. सुएझ कालव्यावरील इस्माइलिया गावी १९०२ साली रॉस यांच्या सल्ल्याने डबकी बुजविण्यात आली व सांडपाण्यावर तेल टाकण्यात आले. तेथे १९०१ साली हिवतापाचे सुमारे दोन हजार रोगी होते. १९०५ साली चाळीसही नव्हते.

सर्वत्र मात्र असे सहज घडले नाही. मुंबईतील हिवतापाचा डास घरोघरच्या विहिरींत वाढतो, असे डॉ. बेंटली यांनी १९११ साली दाखविले. विहिरी झाका अथवा बुजवा म्हणताच अनेकांनी धर्माच्या नावाने विरोध केला.

१९२७ साली कलकत्त्यास रॉस यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या द्वाराच्या समारंभास ते स्वतः आले होते. १६ सप्टेंबर १९३२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.