चुकलेल्या ट्रेनपासून यूटीसीपर्यंत: सर सँडफोर्ड फ्लेमिंग यांची गोष्ट

समजा तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये एक छोटी वेबसाइट बनवली आणि त्यात २०२५-०८-१५ ही तारीख टाकली. तुमच्या मोबाईलवर १५ ऑगस्टच दिसतो. पण न्यूयॉर्कमधला मित्र तेच पेज उघडतो, तर त्याला १४ ऑगस्ट दिसतो! कोड तोच, डेटा तोच, मग एक दिवस गेला कुठे? हे समजून घ्यायला १९व्या शतकातल्या एका रेल्वे इंजिनिअरची गोष्ट माहीत असायला हवी.

स्कॉटलंडहून कॅनडात

सँडफोर्ड फ्लेमिंग यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ रोजी स्कॉटलंडमधल्या कर्कॉल्डी गावात झाला. जमीन मोजणीचं काम शिकून १८४५ मध्ये, म्हणजे अवघ्या १८व्या वर्षी, ते कॅनडात गेले. १८५१ मध्ये त्यांनी बीव्हर या प्राण्याचं चित्र असलेलं कॅनडाचं पहिलं टपाल तिकीट डिझाइन केलं. पुढे इंटरकलोनियल रेल्वेचे ते मुख्य इंजिनिअर झाले आणि कॅनडियन पॅसिफिक रेल्वेच्या मार्गाचा सर्व्हेही त्यांच्याकडे आला.

त्या काळी प्रत्येक शहराचं घड्याळ वेगळं असायचं. सूर्य डोक्यावर आला की तिथे दुपारचे बारा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशाला ४ मिनिटांचा फरक पडतो. घोडागाडीच्या जमान्यात याने कुणाचं काही अडलं नाही. पण रेल्वे धावू लागली आणि वेळापत्रकांचा नुसता गोंधळ झाला.

एका छपाईच्या चुकीने

१८७६ मध्ये फ्लेमिंग आयर्लंडमध्ये होते. बंडोरन स्टेशनवर ते संध्याकाळी ५:३५ ची ट्रेन पकडायला पोहोचले. तिथे कळलं की ट्रेन पहाटे ५:३५ ची आहे, वेळापत्रकात एएमऐवजी पीएम छापलंय! पुढची ट्रेन थेट दुसऱ्या दिवशी.

दुसरा कुणी असता तर वैतागून विसरून गेला असता. फ्लेमिंग यांनी मात्र हा प्रश्न मुळापासून सोडवायचं ठरवलं. त्यांची कल्पना दोन भागांची होती. पहिला भाग: साऱ्या पृथ्वीसाठी एकच वेळ, तीही २४ तासांची, म्हणजे एएम-पीएमची भानगडच नको. दुसरा भाग: रोजच्या वापरासाठी १५-१५ अंशांचे २४ पट्टे, शेजारच्या दोन पट्ट्यांत एका तासाचा फरक. आज आपण त्यांना टाइम झोन म्हणतो.

अर्धा विजय

हे काम त्यांनी एकट्याने केलं असं नाही. अमेरिकेत विल्यम अॅलन यांनी रेल्वे कंपन्यांना एकत्र आणलं आणि १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका-कॅनडाच्या रेल्वेने झोनची वेळ स्वीकारली. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली. शून्य रेखांश कुठल्याच देशाचा नसावा, म्हणून तो ग्रीनिचच्या बरोबर विरुद्ध बाजूला धरावा, असं फ्लेमिंग यांचं मत होतं. ते कुणी मानलं नाही. ग्रीनिचच ठरलं. जगासाठी एक समान दिवस मान्य झाला, पण झोनचा निर्णय ज्या-त्या देशावर सोडला गेला.

म्हणून झोन हळूहळू आले आणि तेही नीट तासाच्या हिशोबात नाही. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला आली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई तर आपली ३९ मिनिटं मागे असलेली जुनी वेळ सोडायलाच तयार नव्हती. मुंबई महापालिकेने ती थेट १९५५ मध्ये सोडली. नेपाळ आजही पावणेसहा तास पुढे आहे.

१८९७ मध्ये फ्लेमिंग यांना सर ही पदवी मिळाली. २२ जुलै १९१५ रोजी हॅलिफॅक्समध्ये त्यांचं निधन झालं.

आता आपल्या बगकडे

फ्लेमिंग यांना हवी होती तशी एकच जागतिक वेळ आज यूटीसीच्या रूपात तुमच्या फोनमध्ये आहे. जावास्क्रिप्ट १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून मिलिसेकंद मोजते. नुसती २०२५-०८-१५ अशी तारीख दिली, तर ती यूटीसीची मध्यरात्र समजली जाते. तेव्हा भारतात १५ तारखेच्या पहाटेचे साडेपाच, तर न्यूयॉर्कमध्ये १४ तारखेच्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. हरवलेला दिवस सापडला ना?

मग तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा:

१. एखादी घटना नक्की कधी घडली हे साठवायचं असेल, तर यूटीसीमध्ये आणि २४ तासांच्या पद्धतीने साठवा. शेवटी झेड अक्षर असलं की वेळ यूटीसीची.

२. दाखवताना वापरणाऱ्याच्या झोनमध्ये दाखवा. त्यासाठी साडेपाच तास हाताने मिळवू नका, एशिया/कोलकाता असं झोनचं नाव द्या.

३. वाढदिवस किंवा सण ही फक्त तारीख असते, वेळ नाही. ती साध्या मजकुरासारखी साठवा, झोन बदलायच्या फंदात पडू नका.

आणि पुढच्या वेळी रेल्वेच्या तिकिटावर १७:३५ असं दिसलं, की बंडोरन स्टेशनवर ताटकळलेले फ्लेमिंग नक्की आठवा!